कोटीपोटातला परार्ध

भंडारा जिल्ह्यातल्या साकोलीच्या अलीकडे, महामार्गापासून जरा आत, एका कोठ्यात पाच महिन्यांचा गोऱ्हा बांधलेला होता. गाय आटली म्हणून आठवडाभरापासून त्याचं दूध तुटलेलं. केस उभे राहिलेले, पाठ खरबरीत, बरगड्या दुरून मोजता याव्यात अशा, आणि पोट मात्र घागरीसारखं खाली लोंबलेलं. समोर तणीस, म्हणजे धानाचा पेंढा. मी त्याच्या डाव्या भकाळीत, शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्यामधल्या खळग्यात, मूठ दाबून धरली आणि थांबलो. थोड्या वेळानं आतून काहीतरी लाटेसारखं आलं, मुठीला बाहेर ढकललं आणि ओसरलं. घड्याळ लावून मोजलं: दोन मिनिटांत तीन वेळा. या चालीनं दिवसाला २,१६० वेळा. गोऱ्हा उभा असो की बसलेला, ही घुसळण थांबत नाही.

मुठीला लागलं ते कोटीपोट. गाईच्या चार पोटांतलं पहिलं. त्याच्या पुढे जाळीपोट, पडदेपोट आणि शेवटी खरं पोट. काही जण या पहिल्या पोटाला कोठीपोट म्हणतात, आणि चारा साठवायची कोठी म्हणून तेही शोभतं. मला मात्र कोटीपोट हाच शब्द आवडतो. आत जे राहतं ते मोजायला बसलं की पहिल्याच थेंबात कोटीच्या पुढे जावं लागतं.

या पोटातल्या रसाच्या एका मिलिलिटरमध्ये, म्हणजे साधारण वीस थेंबांत, १,००० कोटी ते १०,००० कोटी जिवाणू असतात. पृथ्वीवर आज आपण सगळी माणसं मिळून ८०० कोटींच्या थोडं वर आहोत. त्याच वीस थेंबांत जिवाणूंहून कितीतरी मोठे, केसाळ, सुळसुळ पोहणारे आदिजीव लाखांनी असतात. ग्रुबी आणि देलाफों या दोघांनी ते पहिल्यांदा १८४३ साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. बुरशी वेगळी, मिथेन वायू बनवणारे सूक्ष्मजीव वेगळे.

इतकं मोजतं कोण, आणि कसं? रीत सोपी आहे, हात मात्र बसलेला लागतो. एक मिलिलिटर रस घ्यायचा, नऊ मिलिलिटर पातळ द्रावणात मिसळायचा. त्यातला एक मिलिलिटर पुन्हा नऊमध्ये. असं दहा वेळा. दहाव्या नळीतल्या एका मिलिलिटरमध्ये जर एकच जिवाणू उरला, आणि पोषक थरावर त्याची एकच टिकली उगवली, तर मूळ रसात तेवढ्याच जागेत १,००० कोटी होते. अडचण हवेची होती. कोटीपोटात प्राणवायू जवळपास नसतो, आणि तिथल्या बहुतेक जिवाणूंना तो सोसत नाही. रॉबर्ट हंगेट या अमेरिकी शास्त्रज्ञानं प्राणवायूविरहित नळीत, आतल्या भिंतीवर पोषक पदार्थाचा पातळ थर फिरवून, हे जीव वाढवायची युक्ती काढली. तेव्हापासून कोटीपोटाची खानेसुमारी खऱ्या अर्थानं सुरू झाली.

इंग्रजी शाळांत मिलियन-बिलियन शिकलेल्यांची इथे दमछाक होते. आपली होऊ नये. चाळीसगावजवळच्या पाटण गावी ज्यांच्या नातवाचा शिलालेख आहे त्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास ‘लीलावती’त दहाच्या अठरा स्थानांची नावं देऊन ठेवली आहेत. कोटीच्या पुढे अर्बुद, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य आणि शेवटचं परार्ध. एकावर दहा शून्यं म्हणजे खर्व, अकरा म्हणजे निखर्व. म्हणजे वीस थेंबांचा हिशेब एका शब्दात झाला: कमीत कमी एक खर्व, जास्तीत जास्त एक निखर्व.

आता त्या गोऱ्ह्याकडे वळू. साठ-सत्तर किलोच्या वासराचं कोटीपोट दहा लिटरचं धरू. दहा लिटर म्हणजे १०,००० मिलिलिटर. प्रत्येकात कमीत कमी एक खर्व. गुणाकार केला की एकावर चौदा शून्यं येतात, आणि भास्कराचार्यांच्या यादीत त्या जागेवर जो शब्द आहे तो जलधी. जलधी म्हणजे समुद्र. हा हिशेब मी पहिल्यांदा वहीच्या पाठीमागच्या पानावर केला तेव्हा बराच वेळ त्या शब्दाकडे पाहत बसलो होतो. बरगड्या निघालेल्या त्या पोराच्या पोटात नेमका एक समुद्र.

या समुद्राचं माप डोळ्यांपुढे यावं म्हणून भाताच्या मुलखातलं माप लावू. साकोलीचं नाव धानाच्या वाणांना दिलेलं आहे, तेव्हा तांदूळच घेऊ. बारीक तांदळाचा दाणा पंधरा मिलिग्रॅमचा धरा. गोऱ्ह्याच्या पोटातल्या प्रत्येक जिवाणूमागे एक दाणा मांडला तर १५ लाख टन तांदूळ होतो. दहा टनांचा एक ट्रक म्हटलं तर दीड लाख ट्रक. दहा मीटरला एक असे एकामागे एक उभे केले तर १,५०० किलोमीटर. मुंबई ते नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे. तो जाताना भरला, येताना भरला, आणि तरीही जे ट्रक उरले ते नागपूरपासून भंडाऱ्यावरून थेट साकोलीपर्यंत लागले. एका वासरामागे.

दुसरं माप वेळेचं. सेकंदाला एक या वेगानं, न जेवता न झोपता, कोणी हे जिवाणू मोजायला बसला तर त्याला ३१ लाख वर्षांहून अधिक काळ लागेल. केनियात सापडलेली आजवरची सगळ्यात जुनी दगडी हत्यारं सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वीची आहेत. ती हत्यारं घडवणारा दगड खाली ठेवून मोजायला बसला असता तर काम त्या मानानं अगदी अलीकडे संपलं असतं. आणि या सगळ्याचं वजन? एक जिवाणू हजारांश मिलिमीटरचा. सगळे गोळा करून तराजूत टाकले तर पन्नास ते शंभर ग्रॅम. मूठभर पोह्यांइतके.

ही मूठ मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कारण तणीस वासरू खात नाही. ते नुसतं चावतं आणि आत ढकलतं. तणसातला तंतू फोडायचं रसायन गाईच्या किंवा वासराच्या कोणत्याच पेशीत तयार होत नाही. ते काम हे मूठभर जीव करतात. ते तंतू आंबवतात, त्यातून जी आम्लं निघतात ती वासराच्या रक्तात जातात आणि तीच त्याची भाकर. मग ते जीव स्वतः रसाबरोबर पुढे वाहत खऱ्या पोटात उतरतात, आणि तिथे पचतात. रवंथ करणाऱ्या जनावराला मिळणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक प्रथिनं या मेलेल्या जिवाणूंची असतात. वासरू समुद्राला चारतं आणि मग समुद्र खातं.

जन्मतः हा समुद्र नसतो. नुकत्या जन्मलेल्या वासराचं चौथं, खरं पोटच सगळ्यात मोठं असतं, चारही पोटांच्या निम्म्याच्या आसपास. कोटीपोट सुरकुतलेल्या पिशवीसारखं एका बाजूला पडून असतं. वासरू आचळाला लागलं की अन्ननलिकेच्या टोकाशी एक खाच मिटते, तिची नळी होते, आणि दूध कोटीपोटाला वगळून थेट खऱ्या पोटात जातं. मोठेपणी हा हिशेब पार उलटतो. कोटीपोट ८० टक्के आणि खरं पोट दहा टक्क्यांच्याही खाली.

ही उलथापालथ दूध पाजून होत नाही, नुसत्या तणसानंही होत नाही. कोटीपोटाच्या आतल्या भिंतीवर टॉवेलाला असतात तसे फुलोरे यावे लागतात, आम्लं शोषून घ्यायला. ते उगवतात ब्युटिरिक आम्लाच्या स्पर्शानं, आणि ते आम्ल मिळतं दाणा आंबल्यावर. हेच आम्ल आपल्या साजूक तुपातही असतं. म्हणून दूध तुटण्याच्या कितीतरी आधी, दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून, वासराच्या तोंडाला चिमूटभर भरडा लावायला सांगतात. चिमटीची मूठ, मुठीची ओंजळ. ज्याला हे मिळालं नाही त्याचं दूध तुटतं तेव्हा आतली भिंत गुळगुळीत असते. मग तणीस साठत जातं, पोट घागरीसारखं होतं, आणि लोक म्हणतात, खातो तर पोटभर, पण अंगी लागत नाही.

आता गव्हाणीचा हिशेब. आमच्या पूर्व विदर्भात धान मुख्य, म्हणून तणीस मुबलक. साठ किलोचं वासरू दिवसाला साधारण १,६०० ग्रॅम कोरडा चारा खातं. तणसात प्रथिनं साडेतीन टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ५६ ग्रॅम. वाढत्या वासराच्या खाण्यात ती सोळा टक्के तरी हवीत, म्हणजे अडीचशे ग्रॅम. रोज दोनशे ग्रॅमची तूट. दोनशे ग्रॅम हा आकडा जलधीपुढे काहीच नाही, पण समुद्र भरायचा की आटायचा ते या दोनशे ग्रॅमवर ठरतं. प्रथिनं म्हणजे नत्र, आणि नत्र नसेल तर जिवाणू दुप्पट होत नाहीत. वासराचं शरीरही आपल्या परीनं धडपडतं. लघवीतून जाणारा युरिया वाचवून तो लाळेतून परत कोटीपोटात सोडतं, तेवढंच नत्र समुद्राला. उपाशी घरात आईनं आपल्या ताटातलं काढून द्यावं तसं.

तुटीतलं १२० ग्रॅम प्रथिन सहाशे ग्रॅम खुराकात येतं, जर त्यात वीस टक्के प्रथिनं असतील. मक्याचा भरडा, जवसाची किंवा सोयाबीनची ढेप, तुरीची चुनी, भाताचा कोंडा, शंभरात दोन भाग खनिज मिश्रण आणि एक भाग मीठ. उरलेलं बांधावरचं हिरवं गवत आणि धानाच्या बांध्यांत निघालेल्या लाखोरीचं कुटार भरून काढतं. सरकीची ढेप मोठ्या बैलाला चालते, पण एवढ्या लहान वासराला नको. सरकीत गॉसिपॉल नावाचं विष असतं, आणि ते निकामी करायला लागणारा समुद्र अजून पुरता भरलेला नसतो. हीच गोष्ट युरियाची. शंभर किलो तणसावर चार किलो युरिया पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि तीन आठवडे हवाबंद ठेवायचं, म्हणजे तणसातली प्रथिनं जवळपास दुप्पट होतात. ही युक्ती मोठ्या जनावरांसाठी सोन्यासारखी आहे. सहा महिन्यांखालच्या वासराला मात्र ते तणीस घालू नये. युरिया चाटणवीटही घालू नये. मेहनतीनं तयार केलेलं तणीस सगळ्या कोठ्याला सारखं टाकण्याचा मोह होतो, आणि वासरू मरतं.

कोंड्याबद्दल दोन शब्द जास्त लिहितो, कारण तो आमच्या दारात असून आमच्या लक्षात नसतो. तणसात स्फुरद अगदी नावापुरता, हजारात एक भाग. त्याच धानाच्या दाण्याभोवतीच्या कोंड्यात तो पंधरा पट. एकाच रोपाच्या कडपातून हाडाला लागणारा स्फुरद वर दाण्यात चढून बसतो आणि खाली तणीस रितं राहतं. आपण दाणा नेतो, जनावरापुढे रितं तेवढं टाकतो. कोंड्यातला स्फुरद मुख्यतः जखडलेल्या रूपात असतो, माणसाच्या आतड्याला तो फारसा सुटत नाही. कोटीपोटातल्या जिवाणूंना सुटतो. फक्त कोंड्यात चुना फार कमी, आणि तणसातलं ऑक्झॅलेट होता तो चुनाही धरून ठेवतं. म्हणून खनिज मिश्रण. वासराला दिवसाला वीस-पंचवीस ग्रॅम. पंचवीसनं धरलं तरी सहा महिन्यांत साडेचार किलो. एवढंसं पोतं.

त्या पंचवीस ग्रॅमांत एक धातू असतो कोबाल्ट. एक किलो कोरड्या चाऱ्यामागे एक मिलिग्रॅमचा दहावा भाग पुरतो. आमच्या गोऱ्ह्याला दिवसाला ०.१६ मिलिग्रॅम. जेवणातल्या बारीक मिठाचे तीन कण चिमटीत धरा, तेवढं वजन. वर्षाचं ५८ मिलिग्रॅम, चार तांदळांइतकं. पण त्या तीन कणांएवढ्या कोबाल्टमध्ये अणू किती? १६ परार्ध. जिवाणू त्यातले थोडेच अणू उचलतात आणि एकेका अणूभोवती ब-१२ जीवनसत्त्वाचा एकेक रेणू विणतात. या जीवनसत्त्वाच्या प्रत्येक रेणूच्या मध्यभागी कोबाल्टचा बरोबर एक अणू असतो. डोरोथी हॉजकिन यांनी ती रचना क्ष-किरणांनी उलगडली आणि १९६४ चं नोबेल मिळवलं. त्याआधी दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर मेंढ्या आणि न्यूझीलंडमध्ये गुरं गुडघाभर हिरव्या कुरणात उभी राहून झिजून मरत. पोट भरलेलं, अंगात रक्त नाही. १९३५ च्या सुमारास कळलं की त्या मातीत कोबाल्ट पुरेसा नाही. तीन कण कमी होते.

कोबाल्ट कमी पडला की जिवाणू ब-१२ विणत नाहीत, ब-१२ नाही तर वासराचं यकृत समुद्रातून आलेलं आम्ल वापरू शकत नाही, मग भूक मरते, मग चारा आत जात नाही, मग समुद्रच ओसरतो. मूळ कारणाला कोणी हात लावत नाही आणि बाजारातून टॉनिकच्या बाटल्या येतात.

पैसेवाल्या देशांत हाच प्रश्न वेगळ्या घाईनं सोडवतात. अमेरिकेत मांसासाठी पाळलेलं वासरू सहा-सात महिन्यांनी आईपासून तोडतात तेव्हा ते दोनशे किलोच्या वर असतं. तुटण्याच्या धक्क्यात त्याचे आठ-दहा दिवसही वाया जाऊ नयेत म्हणून खुराक, क्षार, जीवनसत्त्वं मोजून देतात, कारण किलोमागे भाव आहे. आपल्याकडे, महाराष्ट्रात, गोवंशाच्या कत्तलीवर मार्च २०१५ पासून पूर्ण बंदी आहे. गोऱ्हा असला तर त्याला चिखलणीत उतरायचं आहे, शंकरपटाच्या शर्यतीत धावायचं आहे, नाहीतर ट्रॅक्टर आल्यावर कुठेच जायचं नाही. कालवड असली तर वर्षं मोजायची. म्हणून आपला हिशेब दिवसांत करावा. साठ किलोच्या कालवडीला भरायला योग्य व्हायला दोनशे किलो गाठायचे आहेत, असं धरू. रोज ४०० ग्रॅम वाढली तर ३५० दिवस. रोज १५० ग्रॅम वाढली तर ९३३ दिवस. मधले ५८३ दिवस ती कोठ्यात उभी राहते, चरते, पाणी पिते, माणसाचे हात घेते, आणि तिच्यापासून ना वासरू ना दूध. इतके दिवस मूठभर ढेपेच्या बचतीत जातात.

उलटी घाईही तितकीच घातक. लग्नाच्या पंगतीत उरलेला भात टोपलीभर वासरापुढे ओतलेला मी पाहिला आहे, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते मान टाकून पडलेलंही. भात ओतणाऱ्या बाईच्या मनात फक्त माया होती. मऊ पिठूळ अन्न एकदम आलं की कोटीपोटात काही जिवाणू वीस-तीस मिनिटांत दुप्पट होऊ लागतात. वीस मिनिटांनी दुप्पट, चार तासांत बारा वेळा दुप्पट, म्हणजे एकाचे ४,०९६. ते लॅक्टिक आम्ल ओततात. रसाचा पीएच साडेसहावरून पाचवर आला, तर ऐकायला दीडच अंकाचा फरक, पण आंबटपणा तीस पटींहून अधिक वाढलेला असतो. त्यात तंतू फोडणारे जीव मरतात, भिंत भाजते, समुद्र एका रात्रीत बिघडतो. म्हणून खुराक वाढवायचा तो दहा-पंधरा दिवसांत, पन्नास-पन्नास ग्रॅमनं.

आणि जंताचं औषध आधी. नाहीतर खुराक जंतांना.

एका गोष्टीचं मात्र पोतं मिळत नाही. ते केसाळ आदिजीव हवेतून येत नाहीत, चाऱ्यातूनही सहसा येत नाहीत. ते येतात दुसऱ्या रवंथ करणाऱ्या जनावराच्या तोंडातून, लाळेतून. एकट्या, वेगळ्या बांधून वाढवलेल्या वासरात ते महिनोन् महिने सापडत नाहीत. साकोलीकडच्या गावांत सकाळी गायकी, म्हणजे गुराखी, गुरं आखरावर गोळा करतो, आणि तोंडाला तोंड लागतं ते तिथे. मोठ्या गावठी गाईचं कोटीपोट साठ लिटरचं धरलं तर तिच्यात सहा जलधी होतात, आणि अशी १६७ गुरं आखरावर जमली की भास्कराचार्यांच्या यादीतलं शेवटचं नाव पुरं होतं: एक परार्ध.

निघताना त्या घरच्या आजींना विचारून मी गोऱ्ह्याचं दावं खुंट्यावरून सोडून म्हाताऱ्या गाईच्या शेजारी बांधलं. ती बसून रवंथ करत होती, ओठांवर पांढरा फेस. गोऱ्ह्यानं आधी तिचा कान हुंगला, मग मान लांब करून तिच्या तोंडाचा फेस चाटायला लागला. गाय डोळे अर्धे मिटून तशीच बसून राहिली. आजी ढेपेचं टोपलं घेऊन दारात उभ्या होत्या. "खाऊ दे आधी," त्या म्हणाल्या, "त्याचं झालं की मग घालतो."